तेलिणीच्या तराजूची दांडी

देवासची काळी, सपाट जमीन बागलीच्या पुढे संपत येते. सागाचं जंगल लागतं, घाट लागतो आणि विंध्य पर्वत नर्मदेच्या दिशेने उतरू लागतो. उदयनगर याच उतरणीवरचं तहसिलीचं गाव. पर्यटक मांडूला जातात, ओंकारेश्वराला जातात, उदयनगरला मुद्दाम कुणी येत नाही. पण माळव्याचा हा दक्षिण कोपरा आणि शेजारचा धार जिल्हा मिळून जो पट्टा होतो, तिथे विचित्र वस्तू एवढ्या दाटीने सापडतात, की त्यांच्यावर एक प्रकरण लिहिल्यावाचून राहवत नाही.

सुरुवात दगडांपासून. बागली-उदयनगरच्या जंगलात कावडिया पहाड नावाच्या टेकड्या आहेत. जवळ गेल्यावर दिसतात ते पाच-सहा बाजूंचे दगडी खांब, सरळ कडांचे, एकावर एक रचून ठेवलेले. शेकडो पाथरवट लावून कुणी राजाने हे घडवून घेतले आणि मग बांधकाम सोडून दिलं, असं वाटावं. त्यातल्या काही खांबांवर दगडाने ठोकलं की भांड्यावर ठोकल्यासारखा खणखणीत आवाज येतो.

आसपासचे लोक सांगतात, की हे भीमाचं काम. नर्मदेशी लग्न करायचं भीमाच्या मनात आलं, तेव्हा एका रात्रीत माझा प्रवाह अडवून दाखव, अशी अट तिने घातली. भीम दगड गोळा करत राहिला, कोंबडा आरवला, दगड जागच्या जागी राहिले. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असेच सुमारे चाळीस हजार खांब समुद्रात उतरत गेले आहेत. तिथले लोक ते फिन मॅककूल नावाच्या राक्षसी देहाच्या वीराने बांधले असं सांगतात. त्याला समुद्र ओलांडून स्कॉटलंडमधल्या प्रतिस्पर्ध्याशी लढायचं होतं. दोन्हीकडे बलदंड पुरुष, दोन्हीकडे पाणी आणि दोन्हीकडे अर्धवट राहिलेलं काम. आयरिश माणसाची आणि निमाड-माळव्यातल्या भिलाची गाठ पडली असण्याची शक्यता शून्य. तेव्हा या साम्याचं कारण दगडांच्या आकारातच शोधायला हवं. इतके नेटके कोन पाहिले की कुणीतरी हे केलं असणार, असंच माणसाला वाटतं.

केलं ते लाव्ह्याने. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. जाड थर थंड होताना आकसतो आणि आकसताना तडकतो. उन्हाळ्यात तळ्याच्या तळाचा चिखल भेगाळतो तसंच, फरक एवढाच की इथे थंडावा जसजसा आत शिरतो तसतशी भेगही खोल जाते आणि चिखलाच्या पापुद्र्याऐवजी लांबच लांब खांब तयार होतात. तीन भेगा एका बिंदूत सारख्या कोनात मिळाल्या की ताण सगळ्यात कमी श्रमात मोकळा होतो, म्हणून सहा बाजू. मुंबईकरांना यासाठी प्रवास करायची गरज नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही याच घराण्यातली, फक्त तिचे खांब उभे आहेत आणि तिच्या डोक्यावर गावदेवीचं देऊळ आहे.

आवाजाचं कोडं आणखी सोपं. खडक बारीक कणांचा, घट्ट आणि आतून न तडकलेला असला आणि दोन-तीन बिंदूंवरच टेकलेला असला, की तो ठोकल्यावर मोकळेपणाने कंप पावतो. जमिनीत रुतलेला तोच दगड मुका राहतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रिचर्डसन नावाच्या कुटुंबाने अशा दगडांचं वाद्य बनवून राणी व्हिक्टोरियापुढे वाजवलं होतं. उदयनगरच्या बाजूला ते गुराखी वाजवतात.

याच डोंगराखाली, नर्मदेवर, धाराजी. परिक्रमावासी या जागेला धावडी कुंड म्हणून ओळखतात. मराठी माणसाचा या जागेशी संबंध आहे, पण बहुतेकांना तो माहीत नाही. आपल्याकडच्या जुन्या देवघरात पंचायतन असे. त्यात विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, गणपतीसाठी शोण नदीचा तांबडा दगड आणि शंकरासाठी नर्मदेचा बाण. तो लंबगोल, गुळगुळीत, कुणीही न घडवलेला बाण मिळण्याची सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे हे धावडी कुंड. नदी इथे खडकावरून कोसळायची. कोसळत्या पाण्याने खडकाला रांजणखळगे पाडले होते आणि त्यात अडकलेले कठीण दगड भोवऱ्यात गरगर फिरत, एकमेकांवर आणि भिंतीवर घासत वर्षानुवर्षं गुळगुळीत होत राहायचे. बाण खरा की खोटा हे ठरवायची जुनी परीक्षा मजेदार आहे. तांदळाने तो पुन्हा पुन्हा तोलायचा. दर वेळी वजन वेगळं भरलं तर खरा. कुठल्याही वाण्याने ग्राहकाला ही परीक्षा सांगू नये.

ओंकारेश्वर धरणाचं पाणी चढलं आणि धाराजीचा धबधबा त्याखाली गेला. त्याआधी, एप्रिल २००५ मध्ये, वरच्या धरणातून सुटलेलं पाणी अमावास्येच्या जत्रेत शिरून अनेक भाविक वाहून गेले होते. आता नदीने बाण घडवायची ही जागा बंद आहे. नर्मदेकाठच्या बकावां गावात कारागीर यंत्रावर शिवलिंगं घडवतात आणि बाजारात मिळतात ती बहुतेक तीच. दगड नर्मदेचा, गुळगुळीतपणा विजेचा.

पंचायतनातला शाळिग्राम मात्र लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या गोष्टीत तो उपयोगी पडणार आहे. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या समुद्री जिवाचा जीवाश्म. हिमालय उचलला जाण्यापूर्वी तिथे समुद्र होता, त्यातला. म्हणजे आपल्या आजीच्या देवघरात, चंदन-तुळशीखाली, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला एक प्राणी पूजा घेत बसलेला होता.

आता धार जिल्ह्यातलं बाग. इथली लेणी आणि इथली ठशांची छपाई प्रसिद्ध आहे. बागजवळच्या पाडल्या गावात शेतकरी नांगरताना मिळालेले वाटोळे दगड बांधावर मांडून त्यांना काकड भैरव म्हणत आले. काकड म्हणजे शिवार. शिवाराचं आणि गुरांचं रक्षण करणारा भैरव. पिढ्यान्‌पिढ्या नारळ फुटले, शेंदूर चढला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे दगड पाहिले तेव्हा ती डायनोसॉरची अंडी निघाली. २०२३ च्या डिसेंबरात ही बातमी देशभर गाजली. तिचा सूर साधारण असा होता, की पाहा, भोळे लोक अंड्यालाच देव समजत होते.

हा सूर मला अन्यायाचा वाटतो. शाळिग्राम पूजणाऱ्यांनी तरी तो लावू नये. शिवाय त्या अंड्यांच्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं? वाटोळा दगड शेतात आडवा आला की शेतकरी तो फोडतो, बांधात घालतो किंवा ओढ्यात ढकलतो. भैरव झालेला दगड कुणी फोडत नाही. गुजरातेत, खेडा भागात, डायनोसॉरची अंडी उजेडात आली ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, सिमेंटसाठी चुनखडक खोदणाऱ्या खाणीत. तिथे त्याआधी किती अंड्यांचं सिमेंट झालं असेल, याचा हिशेब कुणाकडे नाही.

अंडी इतकी कशी? तर बाग आणि कुक्षी यांच्या दरम्यानचा हा भाग म्हणजे टायटॅनोसॉर जातीच्या लांब मानेच्या, शाकाहारी, महाकाय डायनोसॉरांची वीण घालायची जागा होती. दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धिमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इथली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. घरटी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की मादीला पिलांजवळ थांबायला जागाच उरत नाही. अंडी घालायची आणि निघून जायचं, असाच त्यांचा रिवाज असावा. एवढ्या अवाढव्य जनावराचं अंडं मात्र १५ ते १७ सेंटिमीटरचं, म्हणजे शहामृगाच्या अंड्यापेक्षा फार मोठं नाही. त्याहून मोठं अंडं घातलं तर कवच जाड करावं लागेल आणि जाड कवचातून आतल्या पिलाला हवा मिळणार नाही.

पाडल्याच्याच एका अंड्यात दुसरं अंडं सापडलं. तयार झालेलं अंडं बाहेर येण्याऐवजी उलटं आत ढकललं गेलं आणि पुढच्या अंड्यात अडकलं, की असं होतं. कोंबड्यांमध्ये हा प्रकार अधूनमधून घडतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत तो कधी कुणी पाहिलेला नव्हता. म्हणजे निदान अंडी घालण्याच्या बाबतीत डायनोसॉर मगरीपेक्षा कोंबडीच्या जवळचा होता, याचा एक पुरावा धारच्या शिवारातून मिळाला. या शोधनिबंधांवर नाव असलेले विशाल वर्मा हे मनावर या गावचे शिक्षक. जीवाश्म गोळा करणं हा त्यांचा नोकरीबाहेरचा उद्योग. भारतात डायनोसॉरची हाडं पहिल्यांदा सापडली ती १८२८ मध्ये जबलपूरला, तीही अशाच एका हौशी माणसाला. तो विल्यम स्लीमन, ठगांचा बंदोबस्त केल्यामुळे शाळेच्या पुस्तकात पोचलेला. ठग पकडण्याच्या धामधुमीत त्याला टेकड्या धुंडाळायला वेळ कसा मिळाला, हे मला आजवर उमगलेलं नाही.

ही अंडी ज्या थरात आहेत त्याच्या वर लाव्ह्याचे थर आहेत. म्हणजे कावडियाचे खांब आणि काकड भैरव एकाच काळाच्या दोन टोकांचे. आधी अंडी, मग आग.

धार शहरात आलो की दगड मागे पडतो आणि लोखंड सुरू होतं. दिल्लीचा लोहस्तंभ सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याला पाठीमागून मिठी मारून फोटो काढायची पद्धत होती. कुंपण घातल्यापासून ती थांबली. तो सात मीटरहून थोडा अधिक उंच आहे. धारचा लोहस्तंभ तीन तुकड्यांत लाट मशिदीपाशी आडवा पडलेला आहे. तिन्ही तुकड्यांची लांबी मिळून १३ मीटरच्या वर जाते आणि वजन सुमारे ७ टन. वरचा आणखी एक तुकडा हरवला असावा, असं पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सचं मत होतं. दिल्लीच्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा हा खांब आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही, याचं एकच कारण. तो पडलेला आहे.

खांब ओतीव नाही. त्या काळच्या भट्टीत लोखंड वितळून पातळ होत नसे, मऊ गोळा बनून खाली बसे. असे गोळे तापवून, एकावर एक घणाने ठोकून सांधत सांधत हा खांब वाढवलेला आहे. तो गंजत कसा नाही, याचं उत्तर कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी तपशिलात दिलं. कोळशावर गाळलेल्या या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. आजचा पोलाद कारखाना फॉस्फरसला दोष मानून काढून टाकतो. धारच्या लोहारांनी तो काढला नाही, कारण काढायची रीत त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यांचं लोखंड टिकलं.

परंपरा हा खांब राजा भोजाचा जयस्तंभ मानते. भोजाचा काळ अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. १४०५ मध्ये दिलावरखानाने इथे मशीद बांधली तेव्हा तिला नाव पडलं ते या लाटेवरून, म्हणजे खांबावरून. पुढे गुजरातच्या बहादूरशहाला तो आपल्या राज्यात न्यायचा होता. उपटताना तो पडला आणि मोडला, असं जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. जहांगीर १६१७ मध्ये धारला आला होता. मोडलेला खांब पाहून त्यालाही मोह आवरला नाही. मोठा तुकडा आग्र्याला न्यावा, वडिलांच्या म्हणजे अकबराच्या कबरीच्या आवारात उभा करावा आणि रात्री त्याच्या टोकावर दिवा लावावा, असा हुकूम त्याने सोडला. बादशहाचा हुकूम सुटला, खांब हलला नाही. हिंदुस्थानच्या इतिहासात कारकुनांनी आणि गाडीवानांनी निमूटपणे हाणून पाडलेल्या हुकमांची कुणी यादी केली, तर हा त्यात वरच्या बाजूला येईल.

आणि धारच्या लोकांना विचारलं तर? जयस्तंभ नाही, दिव्याचा खांब नाही. ती गंगा तेलिणीच्या तराजूची दांडी. गंगा तेलीण ही राक्षसीण होती, तेल तोलायला तिला एवढा तराजू लागे आणि खांबाच्या पायथ्याचे अवजड दगड ही तिची वजनं. तेच ते गंगा तेलीचं नाव, जे आपण 'कुठे राजा भोज, कुठे गंगा तेली' या म्हणीत घेतो. म्हणीत तेली बापडा क्षुद्र आहे. धारच्या कथेत तेलीण एवढी मोठी, की राजाचा जयस्तंभ तिच्या दुकानातली दांडी ठरतो. म्हण दरबारात घडली असावी आणि कथा बाजारात, असं मला वाटतं. मला कथा अधिक आवडते.

या म्हणीचं मूळ शोधणाऱ्यांनी बरीच कसरत केली आहे. एक मत असं, की गंगा म्हणजे कलचुरी राजा गांगेय आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप, दोघं मिळूनही भोजाला हरवू शकले नाहीत. ऐकायला झकास, पण भोजाचा चुलता मुंज याला ठार मारणारा तैलप ९९७ च्या सुमारास वारला आणि भोज त्यानंतर दहा-बारा वर्षांनी गादीवर बसला. मेलेल्या राजाला लढाईत हरवून म्हण तयार होत नाही. दुसरा दावा खुद्द महाराष्ट्राचा आहे. पन्हाळगड बांधला तो शिलाहार घराण्यातल्या भोजाने, बाराव्या शतकाच्या अखेरीला. गडाचं बांधकाम सारखं ढासळू लागलं तेव्हा गंगू नावाच्या तेलिणीचा बळी दिला गेला, अशी कथा तिथे सांगतात. म्हणजे माळव्यात एक भोज आणि एक तेलीण, कोल्हापुरात दुसरा भोज आणि दुसरी तेलीण. एकीकडे ती राक्षसीण, दुसरीकडे पायात गाडलेली बाई. कुठली कथा कुठून कुठे गेली असेल, याचा अंदाज बांधताना माझं मन मराठी शिलेदारांकडे जातं. धारच्या किल्ल्यावर पवारांचं निशाण आल्यावर दोन्ही मुलखांत माणसं सारखी ये-जा करत होती.

धारच्या किल्ल्याची आणखी एक नोंद जाता जाता. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पळापळीत सापडलेल्या आनंदीबाईंना याच किल्ल्यात आसरा मिळाला आणि जानेवारी १७७५ मध्ये त्यांना इथे मुलगा झाला. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव जन्मला माळव्यात आणि वारला गंगेकाठी बिठूरला. ज्या पुण्याच्या नावाने तो ओळखला जातो, ते त्याच्या आयुष्याच्या मधल्या भागातलं मुक्कामाचं ठिकाण.

धारहून मांडू जवळ. मांडूच्या रस्त्यावर विक्रेते मोठमोठी, मखमली लव असलेली फळं घेऊन बसतात आणि 'मांडू की इमली' म्हणून विकतात. आतला कोरडा, पांढरा गर चिंचेसारखा आंबट लागतो. चिंचेशी या झाडाचं नातं काही नाही. पुस्तकी नाव खुरासानी इमली, तर खुरासान इराणच्या बाजूचं आणि तिथे हे झाड उगवत नाही. आपण त्याला गोरखचिंच म्हणतो. हा बाओबाब, मूळ आफ्रिकेचा. बुंधा एवढा जाड की दहा माणसांच्या कवेत मावू नये, आणि त्या बुंध्यात तो पाणी साठवून ठेवतो. हबशी सैनिक, अरब व्यापारी, सुलतानांना आलेल्या भेटी अशा वाटांनी तो इथे आला असं मानतात. भारतातल्या गोरखचिंचांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हाही ही झाडं आफ्रिकेतून आणि एकाहून अधिक खेपांत आली, हेच दिसलं. वसईच्या किल्ल्यातली गोरखचिंच आणि मांडूची गोरखचिंच या दोन वेगवेगळ्या प्रवासांच्या खुणा असाव्यात.

मांडूतूनच एक पाकपुस्तक बाहेर पडलं. माळव्याचा सुलतान गियासशाह १४६९ मध्ये गादीवर आला, राज्यकारभार मुलावर सोपवला आणि उरलेलं आयुष्य खाण्यात, गाण्यात आणि सुगंधांत घालवायचं ठरवलं. त्याच्या पहाऱ्यावर पाचशे तुर्की आणि पाचशे हबशी स्त्रिया हत्यारबंद उभ्या असत, असं इतिहासकार सांगतात. त्याच्यासाठी सुरू झालेलं आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात पुरं झालेलं 'निमतनामा' हे पुस्तक पाककृतींचं, विड्यांचं आणि अत्तरांचं. त्यात पन्नास चित्रं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात झुबकेदार मिशांचा सुलतान, भोवती रांधणाऱ्या बायका. हे पुस्तक फिरत फिरत टिपू सुलतानाच्या ग्रंथालयात पोचलं, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागलं आणि आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

त्यात समोशाच्या अनेक कृती आहेत आणि एकातही बटाटा नाही. असूच शकत नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, कोलंबस पहिल्या सफरीला निघाला त्या १४९२ साली गियासशाह मांडूत जेवत होता. त्याच्या समोशात खिमा असे, कांदा, आलं, सुगंधी मसाले, आणि तळण तुपात. समोसा इराण-मध्य आशियातून आला. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दिल्लीच्या सुलतानाच्या पंगतीत खिमा, बदाम, पिस्ते भरलेला समोसा खाल्ला होता. आज चहाच्या टपरीवर मिळणारा बटाट्याचा समोसा त्या मानाने कालचा पोरगा. इंदूरच्या माणसाला हे सांगून पाहावं. तो ऐकून घेईल आणि वर शेव घालून खाईल.

देवासला मात्र मूळ हरवलेलं नाही. इथे सगळं कागदावर आहे आणि तरी विश्वास बसत नाही. तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोघे भाऊ पहिल्या बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आले आणि १७२८ पासून दोघांनी मिळून देवासवर अंमल बसवला. वाटणी केली नाही. दोन राजे, एक राज्य. थोरली पाती आणि धाकटी पाती. हे शंभराहून अधिक वर्षं चाललं आणि १८४१ पासून दोन स्वतंत्र संस्थानं झाली. पण जमिनी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या होत्या की नकाशावर रेघ ओढणं मुश्कील. राजधानी एकच राहिली. देवासच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचा कारभार, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचा. दिवाबत्ती वेगळी, पाण्याची सोय वेगळी. १९०१ च्या शिरगणतीत थोरल्या पातीची प्रजा ६२,३१२ आणि धाकटीची ५४,९०४. क्षेत्रफळ ४४६ आणि ४४० चौरस मैल. भाऊबंदकीत एवढी बरोबरीची वाटणी आपल्याकडे वकिलालाही जमत नाही.

गावाच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर देवी. तीही दोन. मोठी माता तुळजाभवानी, छोटी माता चामुंडा, दोघी बहिणी. एकीचं दर्शन घेऊन उतरून येऊ नये, दुसरीकडे जावंच लागतं. दोन राजांच्या गावात देव्यांनीही गाद्या वाटून घेतल्या, असं गमतीने म्हणायचा मोह होतो.

या टेकडीचं नाव जगभर नेलं ते ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने. १९२१ मध्ये तो थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होता. एका मराठी संस्थानिकाच्या दरबारात इंग्रज चाकरीला, हीच त्या काळात उलटी गंगा. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने पाहिला, त्यात सामील झाला आणि १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीच्या शेवटच्या भागात तो उतरवला. देवासची पत्रं त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या नावाने छापली. तोवर महाराज हयात नव्हते. संस्थान कर्जात बुडाल्यावर ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले होते आणि १९३७ मध्ये वारले.

त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव हे आईकडून राजर्षी शाहू महाराजांचे नातू. १९४६ मध्ये कोल्हापूरची गादी रिकामी झाली आणि १९४७ मध्ये देवासचे हे महाराज दत्तक जाऊन छत्रपती दुसरे शहाजी झाले. देवासची गादी त्यांनी मुलाकडे सोपवली. एका राज्याचा राजा ते राज्य सोडून दुसऱ्या राज्याचा राजा होतो आणि दोन वर्षांच्या आत दोन्ही राज्यं भारतात विलीन होतात, असा योग दुसरा कुणाच्या कुंडलीत असेल असं वाटत नाही.

दोन पात्यांनी नाणीही वेगळी काढली. १८८८ ची तांब्याची नाणी संग्राहकांकडे आजही दिसतात. तोंड दोन्हींवर राणी व्हिक्टोरियाचंच, पाठीमागे देवासचं नाव, आणि एका अक्षराचा फरक, थोरल्या पातीचं 'एस. बी.' आणि धाकट्या पातीचं 'जे. बी.'. ही नाणी देवासला पाडली गेली नाहीत, इंग्रज सरकारच्या टांकसाळीतून आली. पैसा खरोखर देवासला तयार होऊ लागला तो १९७० च्या दशकात, बँक नोट प्रेस उभा राहिल्यावर. नाशिकच्या छापखान्याला तेव्हा जवळजवळ अर्धं शतक झालं होतं. देवासला छापखान्याबरोबर शाईचा कारखानाही काढला. नोटा छापायला लागणारी खास शाई तिथे बनते.